गेन कमी, तरी ऑप-अँप ऑसिलेट का होतो?

प्रश्न : टीएल०७२ या ऑप-अँपचा (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचा) बफर, म्हणजे गेन १ चं सर्किट, १० मीटर शिल्डेड केबलला जोडला की इनपुट शून्य असतानाही आउटपुटला दीड मेगाहर्ट्‌झच्या आसपास लहर दिसते. त्याच आयसीचा गेन १० केला की सगळं शांत. गेन वाढवल्यावर उलट त्रास व्हायला हवा ना?

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. गेन १० असताना आउटपुटचा दहावा हिस्साच इनव्हर्टिंग (ऋण) इनपुट पिनवर परत येतो; यालाच फीडबॅक म्हणतात. बफरमध्ये सगळाच्या सगळा येतो. स्थिरता ठरते ती आउटपुटवरून इनपुटला आणि परत आउटपुटला अशा या फेऱ्याच्या गेनवर, म्हणजे लूप गेनवर. म्हणून बफर सगळ्यात नाजूक.

लूप गेन १ वर येण्याआधी फेऱ्यातला सिग्नल १८० अंशांनी मागे पडला, तर ऋण फीडबॅक धन होतो आणि सर्किट आपोआप लहरू लागतं, म्हणजे ऑसिलेट होतं. चिपमधला कॉम्पेन्सेशन कपॅसिटर ९० अंश आधीच खातो. उरलेल्यावर तुमची केबल डल्ला मारते. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे १० मीटरला १००० पिकोफॅरड. चिपचा आउटपुट रेझिस्टन्स १५० ओहम धरला, तर नवा पोल (ज्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास सिग्नल घटू आणि मागे पडू लागतो ती जागा) साधारण १ मेगाहर्ट्‌झवर. टीएल०७२ चा गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन गुणिले फ्रिक्वेन्सी) ३ मेगाहर्ट्‌झ. गेन १० ला लूप गेन ३०० किलोहर्ट्‌झलाच १ होतो. तिथे केबलमुळे जेमतेम १६ अंश जातात. बफरला, केबलचा पोलही गेन पाडत असल्याने, हे १.६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास घडतं आणि तिथे ५५-६० अंश जातात. चिपच्या आतले इतर छोटे विलंब धरले की फेज मार्जिन, म्हणजे १८० अंशांपर्यंत उरलेली जागा, संपलंच.

लहर दाबायला आउटपुटवर थेट ग्राउंडला कपॅसिटर लावू नका. फार जण लावतात आणि रोग वाढवतात. त्याऐवजी आउटपुट पिन आणि केबल यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाका. फीडबॅक मात्र पिनवरूनच, रेझिस्टरच्या अलीकडून घ्या. मग केबलपायी पंचवीसेक अंशच जातील. पुढच्या सर्किटचा इनपुट रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर सिग्नल एक टक्का घटेल, ऑडिओत ते कळतही नाही.

सप्लाय पिनांना खेटून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत ना, तेही बघा.

लहर थांबली म्हणून लगेच पेटी बंद करू नका. शंभरेक मिलिव्होल्टची स्क्वेअर वेव्ह देऊन स्कोपवर कडा बघा. कडेनंतर सिग्नल आपल्या पातळीच्या वर जातो ती उसळी २० टक्क्यांच्या वर गेली तर फेज मार्जिन ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे असं समजा आणि रेझिस्टर थोडा वाढवा. स्कोपचा प्रोब दहापटीच्या (१०×) सेटिंगवरच ठेवा; एकपटीवर प्रोबची केबलच शंभरेक पिकोफॅरडची भर घालते.