नऊ रात्री, सहा मुक्काम? आफ्रिकेच्या सफारीविषयी वाचकांचे प्रश्न

आफ्रिकेच्या सहलीविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सात येथे घेतले आहेत. बऱ्याच वाचकांनी एजंटाने दिलेला कार्यक्रमही जोडून पाठवला होता. त्या जवळजवळ सगळ्याच कार्यक्रमांत एक खोट सारखी दिसली: ठिकाणे फार आणि रात्री थोड्या.

प्रश्न : आम्ही दोन जोडपी आहोत. जुलैअखेर निघून चवथीपूर्वी घरी पोचायचे आहे. वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते पाहायची इच्छा आहे. एजंटाने नऊ रात्रींत नैरोबी, नाकुरू, मसाई मारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि झांझिबार असा पंचतारांकित कार्यक्रम दिला आहे. घ्यावा का? (फोंडा)

या रूपात मुळीच घेऊ नका. नकाशावर केनियाचे मसाई मारा आणि टांझानियाचे सेरेंगेटी एकमेकांना खेटून आहेत, म्हणून कागदावर हा कार्यक्रम सोपा वाटतो. जनावरे सरहद्द ओलांडतात, पर्यटकाला मात्र मधल्या सँड रिव्हरच्या वाटेने जाता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यापर्यंत वळसा घालावा लागतो किंवा छोटी विमाने बदलत जावे लागते. दोन्हीत अख्खा दिवस जातो. शिवाय सेरेंगेटी 14,763 चौरस किलोमीटरचे आहे आणि आपला गोवा 3,702. म्हणजे जवळजवळ चार गोवे मावतील एवढ्या उद्यानाला तुमच्या कार्यक्रमात दोन रात्री आहेत.

एकच देश निवडा. कळप पावसामागून फिरतात: जानेवारीअखेर ते मार्च दक्षिणेला न्दुतूच्या माळावर वासरे जन्मतात, जूनच्या सुमारास कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे असतात, आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही तीरांवर. तुमच्या तारखांना केनिया चांगला जुळतो. नैरोबीत एक रात्र, माराच्या परिसरात पाच, अंबोसेलीत तीन. अंबोसेलीत हत्तींचे मोठे कळप आहेत आणि आकाश निरभ्र असेल तर पहाटे किलिमांजारो दिसतो.

आता माराच्या परिसरात नेमके कुठे राहायचे, हा खरा प्रश्न आहे. सरकारी राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या जमिनी एकत्र करून झालेल्या कन्झर्व्हन्सी आहेत: मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, ओल किन्येई. तेथे लॉजवाले जमीनमालकांना भाडे देतात, पर्यटक येवोत न येवोत. त्या बदल्यात त्या जमिनीवर कुंपणे पडत नाहीत आणि जनावरांची वाट मोकळी राहते. तंबूंच्या संख्येवर मर्यादा असते. ओलारे मोतोरोगीत सातशे एकरांमागे एक तंबू असे प्रमाण ठरवले आहे. सिंह दिसला तर त्याच्याभोवती साधारण पाचच गाड्या थांबतात. पायी फेरी आणि रात्रीची फेरी येथे करता येते, राखीव क्षेत्रात नाही. आफ्रिकेत ऐषारामासाठी पैसे मोजायचे तर या मोकळेपणासाठी मोजावेत, संगमरवरी न्हाणीघरासाठी नव्हे.

नदी ओलांडण्याचे दृश्य मात्र मुख्यतः राखीव क्षेत्रातच दिसते. म्हणून कन्झर्व्हन्सीत राहून एक संपूर्ण दिवस नदीसाठी द्या. राखीव क्षेत्राचे शुल्क परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे (जानेवारी ते जून 100), आणि तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 असे बारा तासांचे असते. कोटेशनमध्ये हे धरले आहे का, ते लेखी विचारा. 'पार्क फी वेगळी' ही ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते आणि चौघांचा हिशेब बिघडवते.

नदीवर काय बिघडते तेही समजून घ्या. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो. पुढचा प्राणी उतरायची वाट बघतो, पाणी हुंगतो, मागे सरतो. याच वेळी गाड्या कडेला सरकल्या किंवा पलीकडच्या चढणीची वाट अडवून उभ्या राहिल्या, तर कळप बिथरून परत फिरतो किंवा जेथे चढायला वाट नाही अशा कड्याखाली अडकतो. आपल्या ड्रायव्हरला पहिल्याच सकाळी सांगून ठेवा: पहिली जनावरे पोहू लागेपर्यंत गाडी मागेच ठेवावी, आम्हाला घाई नाही. पाहुण्यांनी तोंडाने सांगितले की ड्रायव्हरवरचा दबाव खरोखर कमी होतो.

गाडी चारही चाकांना ओढ असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) लँड क्रूझरच मागा. आपल्या जांभ्या मातीत पाणी मुरते आणि तासाभराने वाट चालती होते. माराची काळी माती भिजली की चाकाला पुरणासारखी चिकटते, आणि उंच छपराची स्वस्त व्हॅन तेथेच रुतून बसते.

प्रश्न : प्रत्येक लॉज स्वतःला 'इको' म्हणवतो. खरे कोणते, हे म्हापशात बसून कसे ओळखावे? (म्हापसा)

पाच प्रश्नांची ईमेल पाठवा. उत्तर किती नेमके येते, त्यावरून बरेच कळते.

जमीन कोणाची आणि भाडे कोणाला जाते? चांगला लॉज कन्झर्व्हन्सीचे नाव, करार किती वर्षांचा आणि दर रात्रीमागे किती डॉलर शुल्क जाते हे सांगतो. 'आम्ही स्थानिक समाजाला मदत करतो' एवढेच उत्तर आले तर तो लॉज यादीतून काढा.

पाणी कुठून येते? बहुतेक ठिकाणी कूपनलिका असते. कोरड्या मुलखात प्रत्येक तंबूपुढे स्वतंत्र जलकुंड असेल तर ते पाणी त्याच भूजलातून उपसलेले असते ज्यावर शेजारचे गुराखी जगतात. आपल्याकडे डोंगरउतारावर हॉटेले झाली आणि खालच्या वाड्यावरच्या विहिरी आटल्या, त्याचाच हा प्रकार. सगळ्यांसाठी एकच लहान तलाव असलेला लॉज पसंत करा.

अंघोळीचे पाणी कशावर तापते? सौर बंबावर असेल तर उत्तम. लाकडावर असेल तर लाकूड कुठले, ते विचारा. रात्री दिवे बॅटरीवर चालतात की जनरेटरवर? जनरेटरचा आवाज रात्री दूरवर जातो आणि सिंहाची डरकाळी ऐकायला गेलेल्या माणसाला इंजिन ऐकत झोपावे लागते.

गाइड आणि व्यवस्थापक कुठले आहेत? वाढपी आणि पहारेकरी स्थानिक असतातच. स्थानिक माणूस व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत पोचला आहे का, हे विचारण्यासारखे आहे.

पाचवा प्रश्न प्रमाणपत्राचा. केनियात इकोटुरिझम केनिया ही संस्था ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. दर्जा आणि त्याची मुदत दोन्ही विचारा.

विमानाचा धूर हा या सहलीचा सर्वांत मोठा बोजा, आणि तो कोणताही सौर दिवा भरून काढत नाही. तेव्हा दोनदा चार-चार दिवस जाण्यापेक्षा एकदाच बारा दिवस जा, आणि आतली उड्डाणे कमी करा.

प्रश्न : माझे वय 63. यलो फीव्हरची लस घ्यावीच लागते का? (डिचोली)

केनिया, युगांडा, इथिओपिया या देशांतून भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते. गोव्यात मुरगावच्या पोर्ट हेल्थ कार्यालयात ती मिळते. एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि उघडलेली कुपी थोड्याच तासांत वापरावी लागते, म्हणून आधी वेळ ठरवून जा, अगदी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून लागू होते आणि जन्मभर चालते. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक तेथेच ताडून पाहा.

तुमच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील तर आणखीच. आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. लस नको असे ठरले तर केवळ सूट-पत्राच्या भरवशावर केनियाला जाऊ नका. बोत्स्वाना, नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिका निवडा. हे देश यलो फीव्हरच्या पट्ट्यात येत नाहीत. फक्त विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे घेऊ नका.

बोत्स्वानाचा ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश तर कोणालाही सुचवावा असा आहे. अंगोलाच्या डोंगरातला पाऊस काही महिन्यांनी येथे पोचतो, म्हणून जून ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत नेमके पाणी पसरलेले असते. मोकोरो नावाच्या होडीतून लव्हाळ्यांतून जाताना आपल्याला खाजनातल्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, आठवण यावी. पूर्वी मोकोरो मोठ्या झाडाच्या खोडातून कोरत. आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक होड्या फायबरग्लासच्या असतात.

प्रश्न : छोट्या विमानात 15 किलो सामान चालते म्हणे. आमच्या बॅगा चाकांच्या, कडक आहेत. (मडगाव)

त्या घरी ठेवा. आतल्या उड्डाणांना बहुधा सेसना कॅरॅव्हन असते. सामान विमानाच्या पोटाखालच्या बुटक्या खणात जाते, आणि माणूस ते हातांनी दाबून बसवतो. मऊ पिशवी वाकते, कडक बॅग आडवी येते. केनिया-टांझानियात 15 किलो हातातल्या सामानासह धरतात, बोत्स्वानात साधारण 20.

कपडे खाकी, मातकट, हिरवट. काळा आणि गडद निळा टाळा. त्सेत्से माशी याच रंगांवर येते आणि कापडातूनही चावते. लष्करी छापाचे कपडे काही देशांत बेकायदा आहेत. गोव्याच्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे थंडीला हसणे. नैरोबी सुमारे 1,795 मीटर उंचीवर आहे, न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराचा कडा साधारण 2,300 मीटरवर. जुलैतल्या पहाटे उघड्या गाडीत जाड जाकीट, लोकरी टोपी आणि हातमोजे लागतातच. दुर्बीण 8×42, आणि प्रत्येकाला स्वतंत्र. एकाच दुर्बिणीवर चौघे म्हणजे तिघांना काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी थैली न्या आणि तेथे तांदूळ किंवा कडधान्य भरून खिडकीवर ठेवा. सामान बांधताना प्लास्टिकच्या पिशव्या काढा: केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्यांवर बंदी आहे. डॉलरच्या नोटा 2009 नंतरच्या, न दुमडलेल्या न्या. जुन्या नोटा नाकारतात.

नैरोबीचे थेट विमान मुंबईहून मिळते, साधारण सहा तासांचे. मुंबईपर्यंत रात्रीची कोकणकन्या घेणे उत्तम; पण जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते आणि दरड कोसळली तर गाडी तासन्‌तास अडकते. पावसात जाणार असाल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा.

प्रश्न : श्रावण पाळतो. खाण्याचे काय? (कुडचडे)

अडचण नाही. पूर्व आफ्रिकेत चपाती, चहा आणि समोसा हे तेथलेच पदार्थ झाले आहेत. किनाऱ्यावर नारळाच्या रसातले राजमे मिळतात, त्यांना महाराग्वे म्हणतात. मका-कडधान्याची गिथेरी आणि सुकुमा विकी ही पालेभाजी सगळीकडे. लॉजला 'शाकाहारी' एवढेच लिहू नका. अंडे, मासे, मांसाचा रस्सा आणि हवे असल्यास कांदा-लसूण चालत नाही असे एकेक लिहा. मांसाचे पाणी घातलेले सूप बरेच जण शाकाहारी समजतात.

प्रश्न : डोंगरी गोरिला पाहायला रवांडा की युगांडा? (पणजी)

रवांडात परवाना 1,500 डॉलर, युगांडात 800. वेळ दोन्हीकडे एकच तास, गटात आठ पर्यटक, वय किमान 15. रवांडाचे उद्यान किगालीपासून साधारण अडीच तासांवर आहे. युगांडाचे ब्विंडी दूर आहे आणि चढण घसरडी. गुडघे दुखत असतील आणि दिवस कमी असतील तर रवांडा. नसतील तर युगांडा, आणि उरलेल्या पैशांत तेथे आणखी तीन रात्री.

परवाना आधी, विमान नंतर. ब्विंडीत बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो असे चार भाग आहेत आणि परवाना त्या-त्या भागाचा असतो. बुहोमाचा परवाना आणि रुशागाजवळ मुक्काम असे झाले तर पहाटे अंधारात डोंगरी रस्त्याने कित्येक तास जावे लागते. ही गफलत वारंवार होते. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. आपला साधा विषाणू गोरिलाचा जीव घेऊ शकतो, म्हणूनच अंतर राखायचे आणि मास्क लावायचा. हमाल जरूर घ्या, पाठीवर ओझे नसले तरी. चिखलात हात देणारा तोच असतो, आणि जंगलाकडेच्या घरात थेट पोचणारी ती मजुरी आहे. 2018पर्यंतच्या गणनांत मिळून डोंगरी गोरिला 1,063 भरले, त्याच वर्षी त्यांची धोक्याची पातळी एक पायरी खाली आली. हे महाग परवाने त्यामागच्या कारणांपैकी एक आहेत.

याच पत्रात सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजण्याविषयीही विचारले आहे. करू नका. असे छावे बहुधा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडलेले असतात आणि मोठे झाल्यावर त्यांना जंगलात जागा नसते.

प्रश्न : आजोबा लोरेन्सो मार्किशला नोकरीत होते. मोझांबिकला जावे का? (वास्को)

जावे. लोरेन्सो मार्किश म्हणजे आजचे मापुतो. 1976 मध्ये नाव बदलले. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले, आणि ते नाते पाहायचे तर मोझांबिक बेटावर जा. बेट साधारण तीन किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद, युनेस्कोच्या यादीत 1991 पासून. एका बाजूला दगडी वाडे, दुसऱ्या बाजूला माडाच्या झावळांनी शाकारलेली माकुतीची वस्ती. टोकाला सांव सेबास्तियांव किल्ला आणि 1522 चे बालुआर्तेचे कपेल (छोटे चर्च). गल्लीत काजूगर भाजत असतात. ब्राझीलचे हे झाड पोर्तुगिजांनी दोन्ही किनाऱ्यांवर लावले.

बेटावर मोठी हॉटेले नाहीत. जुन्या वाड्यांत चार-सहा खोल्यांची अतिथिगृहे आहेत. त्यांतच राहा, कारण त्या वाड्यांची डागडुजी याच पैशांवर चालते. मे ते ऑक्टोबर जा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. उत्तरेच्या काबो देलगादो प्रांतात 2017 पासून हिंसाचार चालू आहे, तेव्हा त्या बाजूला वळू नका आणि निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. विमान नांपुलापर्यंत, पुढे साधारण 180 किलोमीटर मोटारीने. बेटावर नेणारा पूल तीन किलोमीटरहून लांब आणि एकपदरी आहे; समोरून गाडी आली तर मध्ये ठेवलेल्या रुंद जागी थांबावे लागते, म्हणून उजेड असतानाच पोचा.