पांढरा साका

मुली,

गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला, पेढेही पोचले. ‘समुद्र घेऊ की हवामान?’ असं विचारतेस. तुझ्या स्कूलच्या नावातच पृथ्वी, महासागर आणि वातावरण ही तिन्ही एकत्र नांदतात, तरी विचारतेस!

आधी माझी एक फजिती ऐक. सप्टेंबर महिना, गोव्याचा किनारा, जेमतेम पंचवीस मीटर पाणी. तळाजवळचा नमुना वर आला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा म्हणजे विंकलरची रासायनिक पद्धत. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही; आधी मँगनीजचं द्रावण, मग अल्कली-आयोडाइडचं, झाकण लावून हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी साका धरतो. माझ्या बाटलीत धरला तो दह्यासारखा पांढरा. रीएजंट, म्हणजे घातलेलं रसायन, बिघडलं असं मीच ठरवलं, बाटली ओतून दिली आणि वहीत आडवी रेघ मारली. संध्याकाळी माझ्या सरांनी वही चाळली. “फेकलास?” एवढंच विचारलं. तो पांढरा साका हेच माझं मोजमाप होतं. तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच.

तो संपतो कसा? पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलातलं थंड, मुळातच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागावर चढतं. त्याला वर आणणारा वारा सगळा इथलाच असतो असंही नाही. बंगालच्या उपसागरातून निघून देशाच्या दक्षिण टोकाला वळसा घालत किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या लाटांचाही त्यात हात असतो. वरून पाऊस, शिवाय मांडवी-जुवारीचं गोडं पाणी. हलकं असल्याने ते झाकणासारखं पसरतं. वरची हवा खाली पोचत नाही, तळाशी कुजणं चालूच राहतं. आता सांग, यात समुद्र कुठे संपला आणि हवामान कुठे सुरू झालं? पहिल्या वर्षी निवड करूच नकोस.

गणित मात्र टाळू नकोस. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला आणि वाऱ्याला बाजूला वळवणारं कोरिऑलिस बल समजल्याशिवाय वरचा परिच्छेद नुसती गोष्ट राहील. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ ला ती उभी राहिली. तिथली व्याख्यानं चुकवू नकोस, मागच्या रांगेत बसलीस तरी चालेल. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपली की जेट्टीवरही जा. तळाचे मासे कधी, कुठे मिळेनासे होतात ते ट्रॉलरवाल्यांना विचार आणि तारखेसकट लिहून ठेव.

बोट लागेल. सगळ्यांना लागते. रिकाम्या पोटी चढू नकोस आणि केबिनमध्ये पडून राहू नकोस. बाहेर येऊन क्षितिजाकडे बघ.

दिवाळीला येशील तेव्हा वही आण. खाडाखोड चालेल. जिथे रेघ मारली असेल, तिथे का मारली तेवढं शेजारी लिहून आण.

तुझे सर