सोयरिकीची बैठक ते परराष्ट्र सेवा

परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. देशादेशांच्या वाटाघाटींत संस्कृतीचा काय भाग असतो हे शिकायचं आणि त्यातच काम करायचं, असं ती म्हणते. भावकीचं म्हणणं, पोलीस भरती करू द्या नाहीतर लग्न उरका. वडील विचारतात, या विषयात पोटापाण्याचं काही आहे का?

दादा, नमस्कार.

आहे. आणि लेक ज्याबद्दल बोलतेय ते तुम्ही जन्मभर केलंय. सोयरिकीला गेल्यावर समोरचे म्हणाले, "बघू, घरी विचारून कळवतो", की तुम्ही उंबरा ओलांडतानाच ओळखता, हे काही जमत नाही. तोंडावर नाही म्हणून कुणाचा पाणउतारा करायचा नाही, ही आपली रीत. जपानी अधिकारी "विचार करू" म्हणतो तेव्हाही पुष्कळदा तो नकारच असतो. रोखठोक बोलण्याची सवय असलेला अमेरिकी माणूस त्याला होकार समजला, की पुढे दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात. जपानीत 'नेमावाशी' असा शब्द आहे. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करायची, हा त्याचा मूळ अर्थ. मुख्य बैठकीआधी एकेकाला गाठून मन वळवणं, हा वापरातला. सुपारी फुटण्याआधी आपला मधला माणूस दोन्ही घरी चकरा मारतो, तेच हे काम.

अशाच एका मधल्या माणसाची गोष्ट लेकीला सांगा. 1978 साली अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्राएलचे पंतप्रधान बेगिन या एकमेकांशी लढलेल्या देशांच्या नेत्यांना कॅम्प डेव्हिड या आपल्या विश्रामस्थळी 13 दिवस घेऊन बसले. शेवटी बोलणी मोडायला आली, बेगिन निघायच्या तयारीत. कार्टर त्यांच्याकडे तिघा नेत्यांचे एकत्र फोटो घेऊन गेले. बेगिन यांच्या प्रत्येक नातवंडाचं नाव लिहून सही केलेले. ती नावं वाचता वाचता बेगिन यांचा गळा दाटून आला आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. 17 सप्टेंबरला सह्या झाल्या, आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला.

पण नुसत्या फोटोंनी करार झाला नाही. इस्राएलनं घेतलेली सिनाईची भूमी परत मिळाल्याशिवाय सादात मानणार नव्हते आणि अखेर इस्राएलला ती सोडावी लागली. हिताचा हिशेब जुळायलाच लागतो. तो मांडायला माणसं टेबलाशी टिकून राहतात की उठून जातात, इथे संस्कृती कामाला येते. म्हणून "जपानी असेच, अरब तसेच" असे ठोकताळे लेकीनं पाठ करू नयेत. समोरचा माणूस त्या साच्यात बसतोच असं नाही.

आता वाट. परराष्ट्र सेवेत, म्हणजे परदेशांत आपल्या देशाची बाजू मांडणाऱ्या सरकारी नोकरीत, जायचं तर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा एक पेपर मात्र पास व्हावाच लागतो आणि पुढे कामात इंग्रजीशिवाय चालत नाही, तेव्हा आजपासून रोज इंग्रजी वाचन. जागा मोजक्या असतात, म्हणून सगळा भरवसा या एका परीक्षेवर ठेवू नका. एक परदेशी भाषा ती पक्की करू दे. परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांचा स्वतंत्र संवर्ग आहे, आणि भाषा येणारा माणूस कंपन्यांनाही लागतो. शिवाय दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांचं एम.ए. आहे.

लग्नाचं म्हणाल, तर एक काळ असा होता की परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी काढावी लागे. सी. बी. मुथम्मा या सेवेतल्या पहिल्या महिला. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 1979 साली न्यायालयानं असल्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. सरकारनं अडवणं थांबवलं, आता भावकीनं अडवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुट्टी लागली की लेकीला घेऊन हैदराबादला जाऊन या. परभणीहून थेट रेल्वे आहे. तिथे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, अरबीपासून जपानीपर्यंत भाषा शिकवतात. प्रवेशाची चौकशी तिलाच करू द्या, तुम्ही सोबत असा.