सुरमई राहू द्या, आज काय आलंय ते विचारा

कोकण किनाऱ्यावर खिशाला परवडेल असं खाणं, या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघं मालवण-तारकर्लीला जाणार आहोत. गेल्या खेपेला मासळीच्या जेवणाचं बिल खोलीच्या भाड्यापेक्षा जास्त झालं. अस्सल मालवणी जेवण कमी पैशात मिळेल का? (सोलापूर)

मिळेल, आणि त्यासाठी चवीला मुरड घालावी लागणार नाही. बिल फुगतं ते बहुतेक वेळा सुरमई आणि पापलेट या दोन माशांमुळे. घाटावर हीच दोन नावं सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून पाहुणा तीच मागतो. शिवाय या माशांना मोठ्या शहरांतून आणि परदेशातूनही मागणी असते, त्यामुळे ते बंदरावरही स्वस्त नसतात. मालवणच्या घरांत रोज शिजतात ते बांगडे, पेडवे, तारले, लेपी, सौंदाळे आणि बारकी सुंगटं (कोळंबी). बांगड्याची थाळी सुरमईच्या थाळीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि तिरफळ घातलेल्या तिखल्यासाठी (दाट, तिखट कालवणासाठी) बांगड्याइतका जमणारा दुसरा मासा नाही.

जेवायला घरगुती खानावळ शोधा. समुद्राकडे तोंड करून असलेल्या मोठ्या हॉटेलांपेक्षा बाजारपेठेतल्या आणि वाडीतल्या खानावळी स्वस्त असतात आणि तिथलं वाटण त्याच दिवशीचं असतं. तारकर्ली-देवबागला निवास-न्याहरीवाल्या घरी उतरलात तर दुपारचं जेवणही तिथेच सांगता येतं. फक्त सकाळी दहाच्या आत सांगा. अशा घरांत मोजून मासळी आणतात. साडेबाराला जाऊन ‘काय आहे?’ विचारलंत तर उरलं-सुरलं मिळेल किंवा तुमच्यासाठी बाजारातून महाग मासळी आणावी लागेल.

थाळीत साधारण चपात्या किंवा तांदळाची भाकरी, भात, कालवण, एक तळलेला मासा किंवा तुकडी, एखादं सुकं आणि सोलकढी एवढं असतं. कालवण आणि भात पुन्हा वाढायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, तळलेला मासा मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून चौघांनी चार निरनिराळ्या थाळ्या मागवाव्यात. एक बांगड्याची, एक सुंगटांची, एक तिसऱ्यांची (शिंपल्यांची), आणि हौस असेल तर एकच सुरमईची. सुरमईची तुकडी चौघांत वाटून घेतली की तिची चवही कळते आणि बिलही आवाक्यात राहतं. लहान मुलांना स्वतंत्र थाळी घेऊ नका. भात, सोलकढी आणि एक तळलेली लेपी एवढ्यात त्यांचं पोट भरतं. मात्र लेपीचा मधला काटा आधी तुम्ही काढून द्या.

मेनूकार्डावर माशापुढे आकड्याऐवजी ‘साईझप्रमाणे’ लिहिलेलं असेल, तर मासा तव्यावर पडायच्या आधी तो बघायला मागा आणि भाव ठरवून घ्या. मोठं पापलेट, खेकडे आणि शेवंड (लॉबस्टर) यांच्या बाबतीत हे विसरलं की बिल हातात आल्यावर वाद होतो, आणि तोवर मासा पोटात गेलेला असतो. विचारण्यात कमीपणा नाही. गावची माणसंही विचारतात.

वडे-सागोती (वडे आणि कोंबडीचा रस्सा) खायची असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. वड्यांचं पीठ तांदूळ, उडीद, धणे, मेथी घालून जाडसर दळलेलं असतं आणि भिजवल्यावर काही तास मुरावं लागतं. गावठी कोंबडी शिजायलाही ब्रॉयलरपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. न सांगता लगेच मिळालेले वडे बहुधा घाईने भिजवलेले असतात. ते फुगत नाहीत, तेल मात्र भरपूर पितात.

वारही बघून ठेवा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे गावात मासे खायचे वार, त्यामुळे त्या दिवशी बाजारात भाव चढा असतो. सोमवारी आणि गुरुवारी बरीच घरं मासळी खात नाहीत, मग तीच मासळी उतरत्या भावात मिळते. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळता आला तर सगळ्यात उत्तम, कारण त्या दिवसांत खोलीपासून सोलकढीपर्यंत सगळंच महागतं.

प्रश्न : लिलावात मासळी घेऊन ती खानावळीत शिजवून घेता येते असं ऐकलं. हे कसं करायचं? फसगत होते का? (इचलकरंजी)

करता येतं. मात्र लिलाव तुमच्यासाठी नसतो, हे आधी ध्यानात घ्या. हर्णैच्या बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव असो की मालवणच्या बंदरावरचा, तिथे बोली लागते ती टोपल्या-टोपल्यांवर, आणि बोलणारे व्यापारी आणि मासे विकणाऱ्या बायका असतात. त्यात मध्ये घुसून भाव विचारू नये, त्यांचं काम अडतं. लिलावात माल उचलून बाजूला बसलेल्या काकीकडे जा. तिच्यासमोर वाटे लावलेले असतात. ‘काकी, आज काय गावलां?’ असं विचारलंत तर ती स्वतःच सांगेल कुठला मासा आजचा आहे. वाट्याचा भाव सांगितला की थोडी घासाघीस चालते. वाटा तसाच ठेवून दोन नग वर टाकायला सांगणं हे भाव पाडण्यापेक्षा लवकर जमतं.

ताजेपणा असा बघा. कल्ला उचलला की आत लाल दिसला पाहिजे. तपकिरी किंवा राखाडी असेल तर सोडा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बोटाने दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. ताज्या बांगड्याची पाठ हिरवी-निळी चमकते आणि डोक्याकडून आडवा धरला तर तो ताठ राहतो, शेपटीकडे लोंबत नाही. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. उघडी दिसली तर टिचकी मारून बघा, जिवंत असेल तर मिटते. शिजवल्यावर जी उघडली नाही ती खाऊ नका.

एका गोष्टीत हयगय नको. बांगडा, तारली, सुरमई, कुपा (ट्युना) हे मासे उन्हात बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड चुरचुरतं, थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. पुष्कळांना ती मासळीची ॲलर्जी वाटते आणि ते जन्मभर मासे सोडतात. दोष माशाचा नसतो, बर्फ न घातल्याचा असतो. तेव्हा मासळी घेऊन आधी किल्ला बघायला जाऊ नका. पिशवीत बर्फ घाला आणि थेट खानावळ गाठा.

किती घ्यावी? मध्यम बांगडे किलोला सात-आठ बसतात. चौघांना एक किलो पुरतो, अर्धे तिखल्याला, अर्धे तळायला. डोक्यासकट घेतलेली सुंगटं सोलल्यावर जवळपास निम्मीच उरतात, म्हणून अर्धा किलो घेतलीत तर सुकं एवढंसंच होईल. तिसऱ्यांचं वजन तर शिंपल्यातच जास्त असतं.

फसगत होते ती खानावळीच्या मजुरीत. साफ करणं, मसाला, तेल हे सगळं धरून भाव आहे का, आणि तो किलोवर आहे की नगावर, हे मासळी घेण्याआधी फोन करून विचारा. भात-भाकरी-सोलकढीचे पैसे वेगळे असतात. चौघांपेक्षा कमी माणसं असतील तर हा सगळा खटाटोप थाळीपेक्षा स्वस्त पडत नाही. सहा-आठजण असाल तर जरूर करा.

प्रश्न : घरात दोघीजणी शाकाहारी आहेत. त्यांनी कोकणात नुसता डाळभात खायचा का? (नाशिक)

अजिबात नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, किंवा तेच सांबारं वड्यांबरोबर, हे मालवणी स्वयंपाकातलं पहिल्या पंगतीचं जेवण आहे. कुळथाची पिठी आणि भात तर सगळ्यात स्वस्त. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी मिळते. काजूची उसळ मात्र स्वस्त नसते. ओल्या काजूचा गर सोलताना टरफलातला चीक हात भाजतो, त्या कष्टाचे ते पैसे आहेत आणि ते आनंदाने द्यावेत. न्याहारीला घावणे आणि चटणी मागा. नारळाच्या गोड रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

एक खबरदारी घ्यायला हवी. वांगं, भेंडी, दुधी अशा भाज्यांत सोडे (सोललेली सुकी कोळंबी) किंवा सुकट घालायची इथे रीत आहे. ‘भाजी शाकाहारी आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. ‘सोडे घातलेत का, आणि वडे मासळी तळलेल्या तेलात तळता का?’ असं स्पष्ट विचारा. रागवत कुणी नाही.

प्रश्न : कोकणातून आगळ आणलं, पण घरी सोलकढी फुटते, नाहीतर खारट होते. कोकणातल्यासारखी का होत नाही? (पुणे)

खारटपणाचं कारण सरळ आहे. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा घट्ट रस, त्यात मीठ आधीच भरपूर असतं. वेगळं मीठ शेवटी, चाखूनच घाला, बहुधा लागणारच नाही.

एका मध्यम नारळाचा चव (खवलेलं खोबरं), तीन-चार लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि दीड वाटी कोमट पाणी मिक्सरमधून काढा. पाणी कोमटच हवं. मिक्सर एकसारखा फिरवला तर चव गरम होऊन तेल सुटतं आणि दूध तुपकट होतं, म्हणून थांबून थांबून फिरवा. फडक्यातून पिळा. चोथ्यात आणखी दीड वाटी पाणी घालून दुसऱ्यांदा पिळून घ्या. या सगळ्या दुधाला दोन मोठे चमचे आगळ घाला आणि चाखून वाढवा. आगळ नसेल तर आठ-दहा कोकमं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा.

सोलकढी फुटते ती उष्णतेने. आंबट आणि नारळाचं दूध एकत्र आल्यावर ते तापवायचं नसतं. गरम हवी म्हणून गॅसवर ठेवली की दाणे धरतात. उलट फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर पांढऱ्या पापुद्र्या येतात, त्या फुटल्याच्या नव्हेत. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठतं, एवढंच. बाहेर काढून ठेवली की पापुद्र्या विरघळतात. केल्यापासून तीन-चार तासांत संपवा, नारळाचं दूध उन्हाळ्यात पटकन आंबतं.

रंगाचंही सांगून ठेवतो. खऱ्या सोलकढीचा रंग फिका गुलाबी, किंचित जांभळट असतो. गडद, भडक गुलाबी पेला समोर आला तर त्यात बहुधा रंग घातलेला असतो. तो परत करायला हरकत नाही.

प्रश्न : जुलैत कोकणात जायचं आहे. तेव्हा ताजी मासळी मिळते का? (कराड)

1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. तेव्हा मेनूवर जुलैत सुरमई दिसली तर ती बहुधा बर्फातली असते, आणि तिच्यासाठी ताज्याचा भाव मोजण्यात अर्थ नाही. खाडीची मासळी मात्र मिळते. शेंगटी, काळुंद्र, तांबोशी, खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे) यांतलं काय आलंय ते विचारा.

पावसात खरं जेवण सुक्या मासळीचं. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर. किसमूर म्हणजे भाजलेली सुंगटं, ओलं खोबरं, कांदा, तिखट आणि कोकम, हाताने कुस्करलेलं. हे बऱ्याच खानावळींच्या मेनूवर नसतं, पण घरात असतं. मागितलंत तर करून देतात, आणि मासळीच्या थाळीच्या मानाने फारच थोड्या पैशात.

श्रावण लागला की काही खानावळी शाकाहारी होतात. गणपतीच्या दिवसांत तर मालक-कामगार सगळेच घरच्या गणपतीत असतात आणि जेवायची जागा सापडणंच मुश्कील होतं. त्या दिवसांत जाणार असाल तर जेवणाची सोय खोलीबरोबरच पक्की करा.

प्रश्न : सुकी मासळी घरी आणली की बुरशी येते. (सातारा)

ओलसर माल घेतला जातो म्हणून. एप्रिल-मेमध्ये घ्या, तेव्हा उन्हात नीट वाळलेली असते. सुका बोंबील वाकवला की कडकन मोडायला हवा आणि जवळा मुठीत दाबून सोडला की सुटा व्हायला हवा, गोळा राहिला तर त्यात पाणी आहे. खाऱ्या बांगड्याला मीठ जास्त लावून वजन वाढवलेलं असतं, तेव्हा झटकून मग तोलायला सांगा. घरी आणल्यावर दोन कडक उन्हं दाखवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असताना भरली तर आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशी येते. प्रवासात प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता आधी वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि एसटीत पिशवी वरच्या फळीवर न ठेवता पायाशी ठेवा.