प्रोजेक्टसाठी तुम्ही विचारलंत: पॉवर स्विंग (ग्रिडमधल्या जनरेटरांचे एकमेकांविरुद्धचे हेलकावे) चालू असताना लाइनवरचा खरा फॉल्ट रिलेला (बिघाड दिसताच लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाला) ओळखता येतो का?

येतो. गणित अवघड नाही, साहेबांना पटवणं अवघड.

मी ४०० केव्ही उपकेंद्रात टेस्टिंगला होतो. पावसाळ्यातल्या एका रात्री शेजारची मोठी लाइन गेली, ग्रिड हेलकावे खायला लागली आणि आमचीही लाइन झोन १ वर (रिलेच्या सर्वांत जवळच्या, ताबडतोब तोडणाऱ्या टप्प्यावर) ट्रिप झाली. साहेबांचा निकाल तयारच होता: "इन्सुलेटर फुटला असणार, पेट्रोलिंगला माणसं काढा." पोरं दोन दिवस चिखलात टॉवरमागून टॉवर हिंडली. डिस्क शाबूत, जंपर शाबूत, काळा डागसुद्धा नाही. मी डीआरचा (बिघाडाच्या क्षणाची नोंद ठेवणाऱ्या रेकॉर्डरचा) कागद नाचवत होतो: तिन्ही फेजचा करंट एकसारखा फुगत गेलेला, व्होल्टेज तसंच हळूहळू बसलेलं, न्यूट्रलला काही नाही. फॉल्ट असा येतो होय? फॉल्टला इम्पिडन्स (व्होल्टेज भागिले करंट, रिले तोच मोजतो) एका उडीत झोनमध्ये पडतो, स्विंगमध्ये सरपटत येतो. झोनभोवती आखलेल्या बाहेरच्या रेषेपासून आतल्या रेषेपर्यंत यायला किती वेळ लागला ते बघून रिले ब्लॉक होतो, म्हणजे ट्रिप रोखून धरतो. आमच्याकडे ते ब्लॉकिंगच बंद. साहेबांनीच बंद ठेवायला लावलेलं: "ब्लॉक केलं आणि तेव्हाच खरा फॉल्ट आला तर?"

अहो, आला तर ब्लॉक उठतो! एका किंवा दोन फेजच्या फॉल्टला निगेटिव्ह सिक्वेन्स करंट (तिन्ही फेज असमान झाले की दिसणारा घटक) उसळतो, स्विंगमध्ये तो जवळपास नसतो.

३० जुलै २०१२ ला पहाटे २.३३ वाजता बिना–ग्वाल्हेर लाइन झोन ३ वर (लांबच्या फॉल्टसाठीच्या, उशिरा तोडणाऱ्या टप्प्यावर) गेली आणि उत्तरेची ग्रिड कोसळली. लाइनवर फॉल्ट नव्हताच, नुसता लोड. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच लाइन, आणि या खेपेला उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही ग्रिड आडव्या. मी पेपर घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो. (खरं तर ते प्रकरण लोड एन्क्रोचमेंटचं, म्हणजे जड लोडच रिलेला फॉल्ट वाटण्याचं. तिथे झोनची रेझिस्टिव्ह रीच (आडवी रुंदी) आखडावी लागते, ब्लॉकिंग हा त्यावरचा उपाय नव्हे. पण तेव्हा मी भांडायच्या मूडमध्ये होतो.)

तुमच्या प्रोजेक्टसाठी एक राहिलंच. स्विंगमध्ये तिन्ही फेज एकदम शॉर्ट झाले तर निगेटिव्ह सिक्वेन्स टिकत नाही. मग इम्पिडन्स सरकायचा थांबला का, एवढंच बघावं लागतं आणि त्यात वेळ जातो. सिंगल पोल रीक्लोजिंग (फक्त बिघडलेला फेज तोडून थोड्या वेळाने पुन्हा जोडणं) चालू असताना तर एक फेज उघडाच असतो, म्हणजे फॉल्ट नसतानाही निगेटिव्ह सिक्वेन्स दिसतो. साहेबांनी हे दोन मुद्दे काढले असते तर मी गप्प बसलो असतो. ते मात्र निवृत्तीच्या निरोपसमारंभातही इन्सुलेटरच म्हणत होते.