अंधारात अडखळणारा लॅब्रॅडॉर आणि रातांधळा भाचा

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर अंधार पडला की जिन्यावर थबकतो. दिवसा मात्र चेंडू झेलतो. वय झालं म्हणायचं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : पाच वर्षं म्हणजे म्हातारपण नव्हे. ही पीआरएची, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू झिजण्याच्या आनुवंशिक आजाराची सुरुवात असू शकते. मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, भर उजेडातल्या नंतर. माणसाच्या रेटिनायटिस पिगमेंटोजा या पडद्याच्याच आजारातही बहुधा हाच क्रम असतो. फरक एवढाच, की कुत्र्याच्या पडद्यामागे चमकदार थर असतो. पडदा पातळ झाला की डोळे पूर्वीपेक्षा जास्त चकाकतात. आपल्याला तो थर नाही. आपल्या पडद्यावर काळे डाग दिसतात.

यावर खात्रीचा उपाय नाही. जिन्यात दिवा ठेवा, घरातलं सामान हलवू नका. दृष्टी एकदम गेली असेल तर मात्र गोचीडताप, डोळ्यातला दाब अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : माझ्या भाच्याला संध्याकाळनंतर दिसत नाही. बहीण मामाच्याच घरात दिली आहे, पण घरात हा आजार कुणालाच नाही. मग आनुवंशिक कसा? (अक्कलकोट रोड)

उत्तर : मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे मुलाला नेत्रतज्ज्ञांकडेच न्या. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही रातांधळेपणा येतो आणि तो बरा होतो. ते आधी तपासून घ्या.

आई-वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असली, तरी दोघांनाही नीट दिसतं. मुलाकडे दोन्ही सदोष प्रती आल्या की आजार होतो. प्रत्येक अपत्याला ही शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो. यात बहिणीचा काहीही दोष नाही, हे तिला जरूर सांगा.

जनुक-तपासणीही करून घ्या. ब्रिआर्ड या कुत्र्यांच्या जातीत आरपीई६५ नावाच्या जनुकाच्या दोषाने पिल्लं जन्मतः जवळजवळ आंधळी असतात. २००१ मध्ये अशा कुत्र्यांच्या डोळ्यात निरोगी जनुक सोडलं, आणि ती अडथळे चुकवून चालू लागली. माझ्या मते ही पशुवैद्यकातली फार मोठी गोष्ट आहे, कारण त्याच वाटेने २०१७ मध्ये अमेरिकेत माणसांसाठीच्या उपचाराला मंजुरी मिळाली. तो फक्त आरपीई६५च्या दोषावर चालतो, म्हणून मुलाचं जनुक कोणतं हे कळायला हवं.

प्रश्न : आमच्या कुत्र्यांच्या जोडीत नर-मादी दोघांचे डोळे उत्तम आहेत. पिल्लं घ्यावीत का? (होटगी रोड)

उत्तर : डोळे उत्तम असूनही दोष लपलेला असू शकतो. गालाच्या आतून बोळा फिरवून जनुक-तपासणीसाठी नमुना पाठवता येतो. दोघंही वाहक, म्हणजे एकेक सदोष प्रत बाळगणारे, निघाले तर हे मीलन टाळा.