मासे खाल्ले म्हणून कोड परत आलं का?

कोड असलेले बरेच जण एकच प्रश्न घेऊन येतात, डाग भरले होते, मलम बंद केलं आणि बरोब्बर त्याच जागी परत आले, माझं काय चुकलं? मागे कोकणातली एक ताई आली होती, सोबत सासूबाई. तिच्या ओठाच्या कडेचा डाग परतला होता आणि घरात ठरलं होतं की हिने दूध पिऊन बांगडा खाल्ला म्हणून झालं. ती बिचारी मासे सोडून बसलेली, वर मूल होऊ द्यावं की नाही ही भीती.

मी आधी सासूबाईंशीच बोलले. म्हटलं काकू, कोडात आपल्याच टी-पेशी, म्हणजे एरवी रोगांशी लढणाऱ्या पेशी, रंग बनवणाऱ्या पेशींना मारतात, आणि डाग भरला तरी त्यातल्या काही तिथेच त्वचेत मुक्काम ठोकून राहतात, मेमरी सेल म्हणतात त्यांना. त्यांचा डीएनए बदललेला नसतो, पण त्याच्यावर रासायनिक खुणा असतात, जसं वहीतली अक्षरं तीच पण कुठलं पान उघडं आणि कुठलं टाचणी मारून बंद. म्हणून इंटरफेरॉन-गॅमाचं, म्हणजे हल्ल्याचा इशारा देणारं जीन त्यांच्यात पटकन चालू होतं. उलट कोडाच्या पेशंटच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तेव्हा आयएल-१० हे हल्ला शांत करणारं जीन मिथाइल नावाच्या अशाच रासायनिक खुणांनी दबलेलं सापडलं. यात बांगडा कुठे आला?

मुलाचं म्हणाल तर २००३ च्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा दोघांनाही कोड असण्याचं प्रमाण २३ टक्केच निघालं, सख्ख्या भावंडांत साधारण ६ टक्के. रक्तातच आहे म्हणून येणारच, असं नाही हो. हे ऐकून ती रडली, खूप वेळ, मी रडू दिलं.

मग मी तिला परत स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एवढंच विचार म्हणून की डाग भरल्यावरही मलम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचं का. कारण उपचार पूर्ण थांबवले की पहिल्या वर्षात जवळपास ४० टक्के लोकांचे डाग परततात, आणि टॅक्रोलिमस नावाचं मलम असं आठवड्यातून दोनदा लावत राहिलेल्यांमध्ये एका ट्रायलमध्ये ते १० टक्क्यांच्या आत राहिलं. हे पेशंटला आधीच सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं, नाहीतर तो सगळा दोष स्वतःवर घेतो.

सासूबाईंनी जाताना विचारलं, मग आम्ही जपायचं काय? मी म्हटलं टिकली बघा, काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने खरंच डाग पडतात, त्यापेक्षा कुंकू लावू दे किंवा काहीच नको, आणि मासे तिला खाऊ द्या.